तापली की बंद पडते: रिस्टोअर न केलेल्या एमजीबीचं हट्टी दुखणं कसं शोधायचं

सकाळी चोक ओढला की गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. गावातून आणि पुढे मोकळ्या रस्त्यावरून झकास पळते. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन पुरतं तापलं की एखाद्या चढावर नाहीतर ओव्हरटेक करताना दोन झटके देते आणि बंद पडते. कडेला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या वीस मिनिटांनी परत तेच. गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड होतं, दोष सापडत नाही, आणि मेकॅनिक कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदलून गाडी परत पाठवतो.

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे. मी एमजीबीबद्दल लिहितोय, कारण माझ्याकडे तीच आहे: १९७१ ची, क्रोम बंपरवाली, वरचं छप्पर उघडणारी. इथे इंग्लंडमध्ये मिडलँड्सच्या रस्त्यांवर ती चालते आणि कारखान्यातून निघाली तेव्हापासून कुणी ती पूर्ण खोललेली नाही. ट्रायम्फ स्पिटफायर किंवा एमजी मिजेट असेल तरी शोधायची रीत हीच; फक्त पंपाचा प्रकार आणि जागा वेगळी असू शकते. स्पिटफायरचा पंप यांत्रिक असतो, इंजिनवरच बसवलेला.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीजचं. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. ज्यानं कधी अ‍ॅम्बॅसेडरच्या पॉइंटवर (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर) कानस फिरवलीय त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. फायरिंग ऑर्डरसुद्धा (सिलिंडर पेटायचा क्रम) तीच, १-३-४-२.

सगळं एकदम बदलू नका

कॉइल, कंडेन्सर, प्लग, केबल, डिस्ट्रिब्यूटर कॅप, पेट्रोल पंप, सगळं नवीन मागवायचं आणि एका रविवारी बसवून टाकायचं, हा मोह प्रत्येकाला होतो. पार्ट मिळतात, महागही नाहीत. पण रिस्टोअर न केलेल्या गाडीत असं करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक कारण भावनेचं आहे, पण खरं आहे. या गाडीची किंमत तिच्या मूळ पार्टमध्ये आहे. पूर्ण रिस्टोअर केलेल्या गाडीतून एक कॉइल काढून दुसरी लावली तर काही बिघडत नाही. इथे मात्र पन्नास वर्षांपूर्वी अ‍ॅबिंग्डनच्या कामगारानं बसवलेली वस्तू तुम्ही काढून टाकत असता आणि ती परत आणता येत नाही.

दुसरं कारण निव्वळ व्यवहाराचं. आज मिळणारे काही नवीन पार्ट जुन्यापेक्षा कमी दर्जाचे आहेत. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा) आणि रोटर आर्म (डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटणारा) यांच्याबाबतीत तर हे पदोपदी दिसतं: नवा कोरा कंडेन्सर थंड असताना ठीक चालतो आणि तापला की मान टाकतो. म्हणजे जो दोष काढायला निघालात तोच तुम्ही नवीन पाकिटातून आणून बसवता. सहा पार्ट एकदम बदलले असतील तर त्यातला कुठला नवा पार्ट वाईट आहे हेही कळायचा मार्ग उरत नाही.

तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काढलेला पार्ट फेकायचा नाही. डब्यात ठेवायचा, वर तारखेची चिठ्ठी.

बंद पडतानाची खूण

दोष पेट्रोलचा आहे की करंटचा, हे बंद पडतानाच ठरवायचं. नंतर फार उशीर होतो. त्यासाठी डॅशबोर्डवर एक उत्तम साधन कारखान्यानंच दिलेलं आहे: स्मिथ्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा काटा. त्याला संदेश कॉइलच्या प्राथमिक सर्किटमधून मिळतो. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर कॉइलपर्यंतचा किंवा पॉइंटपर्यंतचा करंट तुटला. काटा वेडावाकडा नाचला तरी संशय तिकडेच. उलट काटा इंजिनाच्या गतीबरोबर शांतपणे खाली येत असेल आणि गाडी मात्र दम तोडत असेल, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. अपवाद रोटर आर्म आणि कॉइलच्या हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजच्या) बाजूचा: तिथे गळती असेल तर काटा चालू राहतो आणि ठिणगी मात्र प्लगपर्यंत पोचत नाही.

बंद पडण्याची पद्धतही बघा. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात मेली तर ठिणगी गेली. आधी कुंथली, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जरा सावरली, पुन्हा दाबल्यावर पुन्हा कुंथली, तर पेट्रोल. झटके सुरू झाल्याबरोबर चोक अर्धा ओढून पाहा. त्यानं गाडी थोडी पुढे ओढली तर मिश्रण पातळ होत होतं, म्हणजे कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरत नाहीये. ही एक ओढ पुष्कळ वेळ वाचवते.

मग गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि पहिल्या दोन मिनिटांत तपासा, कारण तिसऱ्या मिनिटापासून पुरावा थंड व्हायला लागतो. सगळ्यात आधी मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत शिरल्याचा सुस्कारा जोरात आला तर झाकणातून टाकीला श्वास मिळत नव्हता. पेट्रोल जातं, जागी हवा येत नाही, आत निर्वात तयार होतो आणि पंप ओढत बसतो. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांना हवा आत घेणारं झाकण असायचं. पुढे कुणीतरी दिसायला तसंच पण बंद झाकण बसवलेलं असतं. तपासण्यासाठी टाकी अर्धी असताना झाकण किंचित सैल ठेवून तोच रस्ता चालवा. दोष गेला तर दुरुस्ती झालीच, योग्य झाकण लावा आणि पुढचं वाचायची गरज नाही.

मग इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका, आणि एसयू पंपाची (एसयू कंपनीच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाची) टिकटिक ऐका. क्रोम बंपर गाड्यांत तो उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. चार-सहा टिकटिक होऊन शांत झाला तर कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या, पंप ठीक. न थांबता भराभर टिकटिकत राहिला तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. अगदी गप्प राहिला तर दोन शक्यता: वाट्या भरलेल्याच आहेत, किंवा पंप मेला आहे. पंपाच्या अंगावर पान्याच्या मुठीनं हलकेच टकटक करा. तो दचकून टिकटिकायला लागला तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. घरी पोचेपर्यंत चालेल, पुढच्या प्रवासाला भरवसा ठेवू नका.

पेट्रोलची बाजू

वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय टाकीवर असतो. टाकीच्या तळाला गंजाची बारीक भुकटी साचते. इंजिन चालू असेपर्यंत पंप ओढत राहतो आणि ती भुकटी हळूहळू आतल्या नळीच्या तोंडाशी जमते. वीस मिनिटांनी तोंड बुजतं, गाडी बंद. ओढ थांबली की कचरा सुटून खाली पडतो आणि दहा मिनिटांनी पेट्रोल पुन्हा वाहतं. बाहेरून हे हुबेहूब इंजिन तापल्याचं लक्षण वाटतं. प्रत्यक्षात तापमानाचा इथे काही संबंध नाही, आणि लोक इग्निशनच्या मागे पैसे घालत बसतात.

खात्री करायची तर टाकीकडून येणारी नळी पंपापाशी सोडवा, झाकण उघडा आणि नळीतून टाकीच्या दिशेनं हातपंपानं हवा सोडा. मोकळे बुडबुडे ऐकू आले पाहिजेत. मग काचेच्या बरणीत अर्धा लिटर पेट्रोल टाकीच्या तळातून काढून रात्रभर ठेवा. माझ्या गाडीच्या बरणीत सकाळी वर स्वच्छ पेट्रोल होतं आणि तळाला हळदीच्या पाण्यासारखा पिवळट-तपकिरी थर; बरणी तिरकी केली की तो जड रेतीसारखा एका कडेला सरकायचा. असा थर दिसला तर टाकी उतरवून साफ करा. नुसता फिल्टर लावून भागत नाही, फिल्टर तोंडाच्या पुढे येतो आणि अडकतं ते तोंडच.

इथे एमओटीची, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीची, जुनी नोंद कामाला येते. ब्रिटनमध्ये २००५ पासूनच्या एमओटी तपासणीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात, दर वर्षीच्या मैलांसकट. एखादी गाडी वर्षाला पन्नास मैलही चाललेली नसेल तर टाकीत काय असेल हे झाकण न उघडताही सांगता येतं.

रबरी नळ्यांकडे मुद्दाम बघा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ज्याला ई१० म्हणतात. ई५ आता बहुधा सुपर दर्जाच्या पेट्रोलमध्येच मिळतं. भारतात तर ई२० आलं आहे, तेव्हा पुण्या-मुंबईत जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा मुद्दा जास्तच लागू. इथेनॉल जुन्या रबराला आतून खातं. नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतला थर मात्र सुटून लोंबतो आणि झडपेसारखा प्रवाह अडवतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत काळे कण सापडले की नळ्या बदला, आणि इथेनॉलला टिकणाऱ्या, आर९ दर्जाच्याच घ्या. नळ्या ही झिजायचीच वस्तू आहे. मूळपणाच्या नावाखाली पन्नास वर्षांची पेट्रोलची नळी ठेवणं धोक्याचं आहे, कारण एमजीबीत कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा गरम धूर नेणाऱ्या नळ्यांच्या) वर बसतात. तिथे गळती म्हणजे आग. गाडीत अग्निशामक ठेवाच.

पंपाचं वायरिंग सोपं आहे. पांढरी वायर इग्निशनकडून येते, काळी अर्थिंगची. पंप चालू असताना व्होल्टमीटरनं थेट पंपाच्या टोकांवर मोजा, बॅटरीवर नाही. व्होल्टेज बरंच कमी आलं तर बुलेट कनेक्टर काढून घासा आणि अर्थिंगचा बोल्ट चकचकीत करून परत आवळा. माझ्या अनुभवात ल्युकसच्या (गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या) वायरिंगला लोक जितकी नावं ठेवतात त्यातला मोठा भाग या हिरवट झालेल्या जोडांचा असतो. पूर्ण लूम (वायरींचा जुडगा) बदलण्याची गरज क्वचितच पडते.

पंप किती पेट्रोल देतो तेही मोजता येतं. कार्ब्युरेटरकडची नळी लांब बाटलीत सोडा, इंजिन थंड असताना आणि मॅनिफोल्डपासून दूर. मिनिटाला अर्धा लिटर तरी यायला हवं. चांगला पंप याहून पुष्कळ जास्त देतो. बुडबुडे न येता सलग ठोके पडले पाहिजेत.

राहिला व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं नळीत पेट्रोलची वाफ अडकणं. गाडी बंद पडली की चहा घेऊन उभा असलेला प्रत्येक जण हेच निदान करतो. एमजीबीचा पंप मागे असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून नळीत वाफ अडकणं तिच्यात कमी घडतं. उष्णतेचा खरा त्रास वेगळा दिसतो: गरम गाडी पेट्रोल पंपावर पाच मिनिटं उभी केली आणि परत सुरू व्हायला कुरकुर करते. ते झालं तर कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टमधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का, त्याचं अस्तर शाबूत आहे का ते बघा. पण साठ मैलांच्या वेगानं, वारा लागत असताना बंद पडणाऱ्या गाडीला व्हेपर लॉकचं नाव देऊ नका.

करंटची बाजू

आता ज्यांच्या रेव्ह काउंटरचा काटा शून्यावर पडला त्यांच्यासाठी. इथे कंडेन्सर सगळ्यात आधी. जुना, चांगला चाललेला मूळ ल्युकस कंडेन्सर कुणाच्या डब्यात असेल तर तो नव्या पाकिटापेक्षा मी आधी वापरेन. रस्त्यातली चाचणी: बंद पडल्यावर लगेच खराब कंडेन्सर सोडवा, आणि दुसरा कंडेन्सर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला जोडून त्याचं अंग चांगल्या अर्थिंगला धरा. गाडी गरम असतानाच सुरू झाली तर चोर सापडला.

कॉइल बदलण्याआधी ओहममीटर लावा. साध्या १२ व्होल्ट कॉइलचा प्राथमिक रोध ३ ओहमच्या आसपास असतो, बॅलास्टवाल्या (वाटेत जास्तीचा रोध जोडलेल्या) कॉइलचा दीडच्या आसपास. नंतरच्या, रबर बंपरवाल्या गाड्यांमध्ये बॅलास्टची पद्धत आली. तिथली कॉइल कुणी क्रोम बंपर गाडीत बॅलास्टशिवाय लावली असेल तर ती भाजून निघते, आणि अर्ध्या तासानं बंद पडते ती त्यामुळेच. कॉइल हाताला गरम लागणं मात्र नेहमीचं आहे, तेवढ्यावरून तिला दोष देऊ नका.

रोटर आर्मची चाचणी: कॅप काढा, कॉइलकडून येणारी जाड केबल रोटरच्या पितळी पट्टीपासून काही मिलिमीटरवर धरा, हात नीट इन्सुलेटेड ठेवून, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर रोटर आतून दांड्याला गळतोय. चांगल्या रोटरवर ठिणगी उडत नाही. आजूबाजूला पेट्रोलची वाफ नाही याची खात्री आधी करा.

आणि ज्या दोषानं भल्याभल्यांना दमवलं तो: डिस्ट्रिब्यूटरच्या आतली छोटी वायर. बाजूच्या टोकापासून पॉइंटपर्यंत जाणारी ही मऊ, बारीक तारांची वायर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या (इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या) प्लेटबरोबर सतत हलते. पन्नास वर्षं हलून आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं. गाडी उभी असताना तारेची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, मीटरवर सर्किट पूर्ण दिसतं. मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात व्हॅक्यूम वाढतो, प्लेट फिरते, टोकं सुटतात, काटा शून्यावर.

ओळखायची रीत अशी. वायरची दोन्ही टोकं चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेल्या वायरचं आवरण मधेच एका जागी रबरासारखं लांबतं, कारण तिथे आत धातू उरलेलाच नसतो. माझ्या गाडीत ती लांबलेली जागा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी होती. व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडानं ओढून प्लेट फिरवली, त्याच वेळी मीटर लावून ठेवला, आणि सर्किट तुटताना दिसलं. ही वायर बदलताना साधी जाड वायर लावू नका, ती पुन्हा तुटेल. डिस्ट्रिब्यूटरसाठीच बनवलेली मऊ वायर मिळते.

पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, प्लगचं ०.०२५ इंच. हे दोन्ही याच वेळी बघून घ्या.

विकत घेताना

हे सगळं गाडी घेण्याआधी माहीत असेल तर फार बरं. दहा मिनिटांच्या फेरीत हा दोष दिसत नाही, आणि काही विकणारे म्हणूनच दहा मिनिटांची फेरी देतात. निदान पाऊण तास चालवायचा आग्रह धरा, मधे एक लांब चढ आणि सलग वेगाचा रस्ता असू द्या. तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच फोनवर सांगून ठेवा.

बॉनेटखाली बघताना एक खूण मी कधी सोडत नाही. सगळं इंजिन जुनं, तेलाच्या धुळीनं माखलेलं, आणि त्यात चकचकीत नवी कॉइल, नवी कॅप, नव्या केबल, मागे नवा पंप. याचा अर्थ कुणीतरी याच दोषामागे धावलं आणि बहुधा दमून गाडी विकायला काढली. काढलेले जुने पार्ट आहेत का विचारा. असतील तर गाडीबरोबर मागून घ्या, तो डबा पैशांपेक्षा मोलाचा आहे. आणि अशा गाडीला नाही म्हणू नका. दोष स्वस्तातला आहे, भाव खाली आणायला मात्र पुरेसा.

महागडं काम पत्र्याचं. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते आणि त्यातला मोठा वाटा दारांखालच्या सिलचा (लांब पोकळ पत्र्याच्या पेटीचा). खाली वाकून सिलच्या आतली कड आणि कॅसल रेल (सिलच्या आतल्या बाजूची खालची पट्टी) बोटानं दाबून पाहा. जॅक लावून गाडी उचलली की दाराच्या फटी बदलतात का तेही बघा. बदलल्या तर तिथून निघा, इग्निशन कितीही उत्तम असलं तरी. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीतून सूट आहे, त्यामुळे खालून कुणी पाहिलेलंच नसतं. स्वखुशीनं एमओटी करून घेतलेली गाडी मला नेहमी जास्त भरवशाची वाटते. गाडी मुळात कुठल्या रंगाची, कुठल्या इंजिन क्रमांकाची होती हे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज सर्टिफिकेटवर कळतं. मूळ अवस्थेची म्हणून जास्त पैसे मागत असतील तर हा कागद बघितल्याशिवाय देऊ नका.

दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं

एकदा न थांबता घरी आली म्हणजे झालं नाही. ज्या रस्त्यावर बंद पडायची त्याच रस्त्यावर, टाकी अर्धी ठेवून, उन्हाच्या दिवशी चालवा. मग टाकी पाव असताना पुन्हा, कारण टाकीतला कचरा पेट्रोल कमी असताना जास्त त्रास देतो. अजूनही बंद पडली, पण वेगळ्या पद्धतीनं, तर निराश होऊ नका: जुन्या गाडीत पेट्रोलचा आणि करंटचा दोष एकाच वेळी असू शकतो, माझ्या गाडीत दोन्ही होते. पहिला निघाल्यावरच दुसरा स्वच्छ दिसतो. रेव्ह काउंटरच्या काट्यावर नजर ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.